मॉस्कोपासून दूर जाताना : मिनू मसानी यांचा वैचारिक प्रवास

विशेष प्रतिनिधी

भारतीय राजकारणात पक्ष बदलणाऱ्यांची वानवा कधीच नव्हती. विचार बदलणारे मात्र मोजकेच झाले; आणि विचार बदलल्यावर त्याची किंमत म्हणून आयुष्यभर विरोधी बाकावर बसणे पत्करणारे तर त्याहून मोजके. मिनोचेर रुस्तम मसानी, म्हणजेच मिनू मसानी, यांची गणना या शेवटच्या वर्गात करावी लागेल. विशीत आणि तिशीच्या आरंभी सोव्हिएत रशियाकडे मानवजातीचे भविष्य म्हणून पाहणारा हा मुंबईकर पारशी तरुण पन्नाशीत पोचला तेव्हा देशातील सर्वात कडवा कम्युनिस्टविरोधक म्हणून ओळखला जाऊ लागला होता. स्वतंत्र पक्षाचे सरचिटणीस आणि पुढे अध्यक्ष म्हणून त्यांनी नेहरूंच्या अलिप्ततावादाला जे आव्हान दिले, त्याची मुळे या प्रवासात आहेत.

अमेरिकेने २००३ मध्ये इराकवर आक्रमण केल्यानंतर नवपरंपरावाद, म्हणजेच निओकॉन्झर्व्हेटिव्ह विचार, हा शब्द मराठी वृत्तपत्रांतूनही रुळला. या विचाराच्या पहिल्या पिढीतील अनेक जण तरुणपणी न्यूयॉर्कच्या डाव्या वर्तुळात वावरलेले होते. स्टॅलिनशाहीचे स्वरूप उघड झाल्यावर ते डावीकडून निघाले आणि पुढे सोव्हिएत सत्तेशी कोणतीही तडजोड नको, या भूमिकेवर स्थिरावले. हा प्रवास केवळ न्यूयॉर्कमध्येच घडला असे नाही. मुंबई, नाशिक आणि लंडन या वाटेने मसानी त्याच दिशेला गेले, आणि तेही त्यांच्यापैकी बहुतेकांच्या आधी. मात्र ते जेथे पोचले ते ठिकाण तंतोतंत तेच होते काय, हा प्रश्न त्यांचे चरित्र वाचताना सतत समोर येतो.

मुंबई, लंडन, मॉस्को

मसानी यांचा जन्म २० नोव्हेंबर १९०५ रोजी मुंबईत झाला. वडील सर रुस्तम मसानी हे मुंबई महापालिकेचे पहिले भारतीय आयुक्त, पुढे मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू आणि दादाभाई नौरोजी यांचे चरित्रकार. घरात पुस्तके होती, शिस्त होती आणि ब्रिटिश उदारमतवादावर श्रद्धा होती. एल्फिन्स्टन महाविद्यालयातून मिनू लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये गेले आणि बॅरिस्टर होऊन १९२८ मध्ये परतले.

लंडनमध्ये प्रा. हॅरॉल्ड लास्की यांच्या व्याख्यानांनी भारतीय विद्यार्थ्यांची एक पिढीच्या पिढी समाजवादाकडे वळवली. मसानी त्या पिढीतले. पुढे भारताचे संरक्षणमंत्री झालेले व्ही. के. कृष्ण मेनन हेही त्याच वर्तुळातले. विद्यार्थिदशेतच, १९२७ मध्ये, मसानी यांनी सोव्हिएत रशियाला भेट दिली. क्रांतीला दहा वर्षे होत होती. ज्या देशात जमीनदार नाही, गिरणीमालक नाही आणि साम्राज्याची हाव नाही, असा देश प्रत्यक्ष पाहिल्याची भावना घेऊन हा तरुण परतला. पारतंत्र्यातील भारतीयाला तेव्हा जगात दोनच बाजू दिसत होत्या. एका बाजूला साम्राज्यवादी ब्रिटन आणि दुसऱ्या बाजूला त्याचा वैरी असलेला रशिया. परराष्ट्रविचाराची ही पहिली इयत्ता त्या काळच्या बहुतेक तरुण राष्ट्रवाद्यांनी गिरवलेली होती.

नाशिकचा तुरुंग

कायदेभंगाच्या चळवळीत मसानी यांना कारावास झाला. नाशिकच्या मध्यवर्ती तुरुंगात त्या काळात जयप्रकाश नारायण, अच्युतराव पटवर्धन, अशोक मेहता, ना. ग. गोरे अशी मंडळी एकत्र आली. काँग्रेसमध्ये राहूनच समाजवादी विचाराचा स्वतंत्र गट उभारावा, ही कल्पना या तुरुंगातील चर्चांमधून आकाराला आली. काँग्रेस सोशलिस्ट पक्षाची स्थापना १९३४ मध्ये झाली. जयप्रकाश सरचिटणीस झाले आणि मसानी सहचिटणीस.

मसानी पुन्हा रशियाला गेले ते १९३५ मध्ये. त्या प्रवासावर आधारलेले त्यांचे पुस्तक पुढच्याच वर्षी प्रसिद्ध झाले आणि त्याचा सूर कौतुकाचाच होता. परंतु १९३६ पासून मॉस्कोतून येणाऱ्या बातम्या वेगळ्या होत्या. ज्यांनी क्रांती घडवली त्याच बोल्शेव्हिक नेत्यांना देशद्रोही ठरवून खटल्यांचा देखावा मांडला जात होता आणि एकामागून एक जण गोळीला बळी पडत होते. मसानी यांच्या मनात प्रश्न उभा राहिला तो येथे. शोषण संपवण्याच्या नावाने उभी राहिलेली राजवट आपल्याच माणसांना अशी गिळू लागली, तर तिला पुरोगामी म्हणायचे ते कशाच्या आधारावर?

दुसरा धक्का घरातच बसला. फॅसिझमविरोधी संयुक्त आघाडीच्या नावाखाली काँग्रेस सोशलिस्ट पक्षाची दारे कम्युनिस्टांना उघडण्यात आली होती. जयप्रकाश या एकजुटीबाबत आशावादी होते. मसानी पहिल्यापासून साशंक. कम्युनिस्ट आतून पक्ष ताब्यात घेत आहेत, हे दाखवणारी पुस्तिका त्यांनी १९३८ मध्ये प्रसिद्ध केली. पक्षाने ठोस पाऊल उचलले नाही, तेव्हा १९३९ मध्ये मसानी, अशोक मेहता, राममनोहर लोहिया आणि अच्युतराव पटवर्धन यांनी कार्यकारिणीचा राजीनामा दिला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये हिटलर आणि स्टॅलिन यांच्यात अनाक्रमणाचा करार झाला. फॅसिझमविरोधाची जी भाषा कम्युनिस्ट बोलत होते ती मॉस्कोच्या एका सहीने बदलली. पुढच्या वर्षी काँग्रेस सोशलिस्ट पक्षाने कम्युनिस्टांना बाहेर काढले, पण तोवर दक्षिणेतील त्याच्या अनेक शाखा त्यांच्याकडे गेल्या होत्या आणि मसानीही पक्षापासून दुरावले होते.

कर्जतचे डोंगर आणि बॉम्बे हाऊस

१९४१ मध्ये मसानी टाटा समूहात दाखल झाले आणि जे. आर. डी. टाटा यांचे निकटचे सहकारी बनले. त्यापूर्वी १९४० मध्ये मुलांसाठी लिहिलेल्या त्यांच्या सचित्र पुस्तकाने, ‘अवर इंडिया’ने, खपाचे उच्चांक गाठले होते. देशातील साधनसंपत्ती आणि दारिद्र्य यांची सांगड घालून देणारे हे पुस्तक त्या पिढीच्या शालेय आठवणींचा भाग बनले.

याच काळात त्यांच्या जुन्या सहकाऱ्यांनी वेगळी वाट धरली होती. बेचाळीसच्या आंदोलनात समाजवादी भूमिगत झाले. कर्जतच्या परिसरात, जेथे ठाकुरवाडीसारख्या आदिवासी वस्त्या डोंगराच्या कुशीत वसल्या आहेत, माथेरानचे विठ्ठल लक्ष्मण तथा भाई कोतवाल यांच्या आझाद दस्त्याने मुंबईकडे वीज नेणारे मनोरे पाडण्याची मोहीम हाती घेतली. २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर भाई कोतवाल हुतात्मा झाले. या टापूतच भिवपुरी आणि खोपोली येथे टाटांची जलविद्युत केंद्रे आहेत, आणि समाजवादी पक्षाचा एके काळचा सहचिटणीस त्या वेळी टाटांच्या मुख्यालयात, बॉम्बे हाऊसमध्ये काम करीत होता. १९४३ मध्ये तो मुंबईचा महापौरही झाला. इतिहासाने एकाच विचारकुळातील माणसांना किती वेगवेगळ्या ठिकाणी नेऊन उभे केले, याचे हे बोलके उदाहरण होय. मसानी यांचे विरोधक पुढे त्यांना भांडवलदारांचा माणूस म्हणत, त्या आरोपाची सुरुवातही येथूनच झाली.

आरोप सोपा होता, पण पुरेसा नव्हता. १९४४ मध्ये ‘सोशॅलिझम रिकन्सिडर्ड’ हे पुस्तक लिहून मसानी यांनी आपल्या मतपरिवर्तनाचा जाहीर हिशेब मांडला. उत्पादनसाधने सरकारच्या हाती गेली की समता आपोआप येते, हा समज रशियाच्या अनुभवाने खोटा ठरवला आहे. मालक बदलतो, कामगार तेथेच राहतो आणि संप करण्याचा हक्कही गमावतो, असा त्या मांडणीचा आशय होता. गांधीजींच्या विकेंद्रित अर्थव्यवस्थेच्या आणि साधनशुचितेच्या विचाराकडे ते याच काळात ओढले गेले. सरकारने अर्थव्यवस्थेत काहीच करू नये, असे मात्र तेव्हा त्यांचे म्हणणे नव्हते. उद्योगपतींच्या मुंबई योजनेत राज्यसंस्थेला मोठी भूमिका होती आणि ती योजना सामान्य वाचकाला समजावून सांगणारे पुस्तक मसानी यांनीच लिहिले.

तिबेटचा प्रश्न

संविधान सभेत मसानी मूलभूत हक्कांच्या उपसमितीचे सदस्य होते. समान नागरी कायद्याचा आग्रह राजकुमारी अमृत कौर आणि हंसा मेहता यांच्यासह त्यांनी तेथे धरला. १९४८ मध्ये पंतप्रधान नेहरूंनी त्यांना ब्राझीलमध्ये राजदूत म्हणून पाठवले. नेहरूंविषयी मसानी यांना एके काळी नितांत आदर होता, आणि दोघांचे बौद्धिक पाळणाघरही एकच होते. मतभेद उघड झाले ते मायदेशी परतल्यानंतर.

१९५० मध्ये चिनी फौजा तिबेटमध्ये शिरल्या. त्या वर्षीच्या डिसेंबरात हंगामी संसदेत परराष्ट्र धोरणावर चर्चा झाली, तेव्हा चीनच्या हेतूंविषयी इशारा देणाऱ्या थोड्या सदस्यांत मसानी होते. आशियाई बंधुभावाची भाषा चीनने स्वतःच्या कृतीने निकालात काढली आहे आणि कम्युनिस्ट चीन हा आशियाई राष्ट्र म्हणून वागण्याऐवजी कम्युनिस्ट सत्ता म्हणून वागेल, अशी त्यांची मांडणी होती. सरकारने ती मानली नाही. १९५४ मध्ये पंचशील करार झाला आणि तिबेट हा चीनचा प्रदेश असल्याचे भारताने मान्य केले. ‘हिंदी-चिनी भाई भाई’च्या त्या दिवसांत मसानी यांचे म्हणणे अनेकांना पश्चिमेची री ओढल्यासारखे वाटले.

१९५६ मध्ये सोव्हिएत रणगाड्यांनी हंगेरीचा उठाव चिरडला. सुएझ प्रकरणी ब्रिटन आणि फ्रान्सवर तत्काळ तुटून पडलेले भारत सरकार हंगेरीबाबत अडखळले. हंगेरीत संयुक्त राष्ट्रांच्या देखरेखीखाली निवडणुका घ्याव्यात, या ठरावाविरुद्ध भारताच्या वतीने कृष्ण मेनन यांनी मत नोंदवले. साम्राज्य गोऱ्या वसाहतवाद्यांचे असो की लाल झेंड्याचे, त्याला एकाच मापाने मोजले पाहिजे, हा मसानी यांचा मुद्दा होता. अलिप्तता म्हणजे दोन्ही बाजूंना समान अंतरावर ठेवणे असेल तर ती पाळा. एकाच बाजूच्या अपराधांवर पांघरूण घालणे म्हणजे अलिप्तता नव्हे, हे ते पुढची पंधरा वर्षे सांगत राहिले.

मुंबईतील एक परिषद

मार्च १९५१ मध्ये मुंबईत सांस्कृतिक स्वातंत्र्यासाठीची भारतीय परिषद भरली. ती मूळ दिल्लीत व्हायची होती, पण सरकारच्या नाखुशीमुळे मुंबईत हलवावी लागली. जयप्रकाश नारायण आणि मसानी तिच्या आघाडीवर होते. कवी डब्ल्यू. एच. ऑडेन आणि स्टीफन स्पेंडर, स्पॅनिश विचारवंत साल्व्हादोर द मादारियागा असे पाहुणे आले. हुकूमशाहीच्या छायेत साहित्य आणि विचार जगू शकत नाहीत, ही या परिषदेची भूमिका होती. तिच्यातून उभ्या राहिलेल्या भारतीय समितीच्या वर्तुळातून १९५२ मध्ये ‘फ्रीडम फर्स्ट’ हे मासिक निघाले आणि पुढे कवी निस्सीम इझिकेल यांच्या संपादनाखाली ‘क्वेस्ट’ हे नियतकालिक सुरू झाले. मुंबईच्या बौद्धिक जीवनावर या दोन्ही नियतकालिकांचा ठसा अनेक वर्षे राहिला.

नवपरंपरावादाशी मसानी यांचे नाते जुळते ते येथे. याच आंतरराष्ट्रीय जाळ्यातील ‘एन्काउंटर’ हे लंडनचे मासिक १९५३ मध्ये स्पेंडर यांच्यासह आयर्विंग क्रिस्टॉल यांनी सुरू केले, आणि हेच क्रिस्टॉल पुढे अमेरिकन नवपरंपरावादाचे जनक मानले गेले. एकाच मंडपात तेव्हा समाजवादी, उदारमतवादी आणि कम्युनिझमचा त्याग केलेले लेखक एकत्र बसत होते. त्यांना बांधणारा धागा सोव्हिएत विरोधाचा होता.

या मंडपाच्या खांबांना पैसा कोठून येतो, हे १९६६-६७ मध्ये उघड झाले. मूळ आंतरराष्ट्रीय संघटनेला अमेरिकेच्या सीआयए या गुप्तचर संस्थेकडून वर्षानुवर्षे निधी मिळत होता. भारतातही खळबळ माजली आणि विरोधकांच्या हाती आयतेच कोलीत मिळाले. विचारस्वातंत्र्याच्या नावाने चाललेली चळवळ एका सरकारच्या गुप्त तिजोरीवर पोसली जावी, हा त्या चळवळीच्या नैतिक अधिकाराला बसलेला फटका होता. मसानी यांची मते पैशाने घडलेली नव्हती. ती १९३८ च्या पुस्तिकेपासून स्पष्ट होती. परंतु मॉस्कोच्या पैशावर आणि आदेशावर चालणाऱ्यांवर ज्यांनी टीकेचे आसूड ओढले, त्यांच्या बाजूकडूनही तोच खेळ झाल्याचे दिसले, हे नाकारता येत नाही.

उत्तर मुंबईची लढत

नागपूरच्या काँग्रेस अधिवेशनाने जानेवारी १९५९ मध्ये सहकारी शेतीचा ठराव केला आणि देशातील उजव्या व उदारमतवादी मंडळींना एकत्र येण्यास निमित्त मिळाले. राजाजी, प्रा. एन. जी. रंगा आणि मसानी यांच्या पुढाकाराने स्वतंत्र पक्ष जन्माला आला. ऑगस्ट १९५९ मध्ये मुंबईत त्याचे अधिवेशन झाले. पक्षाच्या २१ तत्त्वांचा भर मालमत्तेचा हक्क, शेतकऱ्याचे स्वातंत्र्य आणि परवाना राज्याचा विरोध यांवर होता. परराष्ट्र धोरणाची धार पक्षाला चढली ती चीनच्या सीमेवरील घडामोडींमुळे, आणि ती चढवण्यात मसानी यांचा वाटा मोठा होता. १९५७ मध्ये रांचीतून झारखंड पक्षाच्या पाठिंब्यावर निवडून आल्यामुळे लोकसभेचे व्यासपीठ त्यांच्याकडे होतेच.

परराष्ट्र धोरणावर एखादी लोकसभा निवडणूक लढली जाणे भारतात दुर्मीळ. फेब्रुवारी १९६२ मध्ये उत्तर मुंबईत ती लढली गेली. संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांच्याविरुद्ध आचार्य कृपलानी उभे राहिले. स्वतंत्र पक्ष, प्रजासमाजवादी आणि जनसंघ कृपलानींच्या मागे होते. नेहरूंनी मेनन यांच्यासाठी प्रतिष्ठा पणाला लावली आणि कम्युनिस्टांनीही त्यांचीच बाजू घेतली. चीनचे संकट, सैन्याची तयारी आणि रशियाकडचा कल हे प्रचाराचे विषय होते. मुंबईकरांनी मेनन यांना मोठ्या मताधिक्याने निवडून दिले. त्यानंतर आठ महिन्यांत चीनचे आक्रमण झाले आणि नोव्हेंबरमध्ये मेनन यांना मंत्रिमंडळ सोडावे लागले.

१९६३ च्या पोटनिवडणुकांत कृपलानी, लोहिया आणि राजकोटमधून मसानी लोकसभेत आले. याच लोकसभेत त्या वर्षी नेहरू सरकारवर पहिला अविश्वास प्रस्ताव कृपलानींनी मांडला. तिबेटबाबत जे १९५० मध्ये थट्टेवारी नेले गेले ते आता गांभीर्याने ऐकले जाऊ लागले. चीनशी एकट्याने झुंजण्याइतके बळ भारताकडे नाही, म्हणून पश्चिमी लोकशाही राष्ट्रांशी संरक्षणाचे नाते जोडावे, हा मसानी आणि राजाजी यांचा आग्रह होता. मात्र पश्चिमेच्या मदतीची किंमत काय आणि ती गरजेच्या वेळी येईलच कशावरून, या प्रश्नाला त्यांच्याकडे समाधानकारक उत्तर नव्हते.

युद्धखोर नसलेला आक्रमक

मसानी यांना सरसकट नवपरंपरावादी म्हणता येत नाही ते त्यांच्या १९६० च्या दशकातील काही भूमिकांमुळे. १९६४ च्या वसंतात नेहरूंनी शेख अब्दुल्ला यांची सुटका करून काश्मीर प्रश्नावर नव्याने बोलणी सुरू केली, तेव्हा काँग्रेसमध्येच कुरबुर झाली आणि जनसंघाने विरोध केला. अशा वेळी मसानी यांनी राजाजींना तार करून नेहरूंना बळ देण्याची विनंती केली. ज्या पंतप्रधानावर ते वर्षानुवर्षे टीका करीत होते, त्याच्या अखेरच्या प्रयत्नाला विरोधी पक्षनेत्याने हात देण्याचा हा प्रसंग होता. पाकिस्तानशी समझोता केल्याखेरीज भारताला चीनकडे पूर्ण लक्ष देता येणार नाही, हे त्यामागचे गणित होते.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये चीनने अणुस्फोट केला. भारतानेही बाँब बनवावा ही मागणी जोर धरू लागली. चीनविरोधात सर्वांत पुढे असलेले मसानी या मागणीत सामील झाले नाहीत. गरीब देशाला न पेलणारा खर्च करण्यापेक्षा पश्चिमेच्या अण्वस्त्रांचे छत्र पुरेसे आहे, असे त्यांचे मत होते. बळाच्या प्रदर्शनाचे आकर्षण त्यांना नव्हते. सैन्य पाठवून दुसऱ्या देशात लोकशाही रुजवावी, हा अलीकडच्या नवपरंपरावाद्यांचा उत्साहही त्यांच्या विचारात आढळत नाही.

इतर बाबतीत मात्र साम्य ठळक होते. इस्रायलशी पूर्ण राजनैतिक संबंध ठेवावेत, अशी स्वतंत्र पक्षाची भूमिका होती. भारत सरकारने ते १९९२ मध्ये प्रस्थापित केले. ऑगस्ट १९६८ मध्ये सोव्हिएत फौजा चेकोस्लोव्हाकियात घुसल्या आणि सुरक्षा समितीत भारत तटस्थ राहिला. त्याच्या निषेधार्थ मसानी यांचे नाशिक तुरुंगातील जुने सहकारी अशोक मेहता यांनी केंद्रीय मंत्रिपदाचा राजीनामा दिला. समाजवाद न सोडलेला मेहता आणि समाजवाद सोडलेले मसानी यांचे या प्रश्नावरचे मत एकच निघाले.

व्हिएतनामच्या बाबतीत मात्र मसानी यांचे माप सैल पडले. आग्नेय आशियात कम्युनिझमला अडवण्यासाठी अमेरिकेची उपस्थिती आवश्यक आहे, या विचाराने ते त्या युद्धाकडे पाहत. हंगेरीच्या रस्त्यावरील रणगाडा त्यांना जितका स्पष्ट दिसला तितकी व्हिएतनामच्या खेड्यांवर पडणारी आग दिसली नाही. एका छावणीचा भ्रम फिटलेल्या माणसाने दुसऱ्या छावणीकडे किंचित मिटल्या डोळ्यांनी पाहावे, ही त्या पिढीची शोकांतिका होती, आणि मसानी तिला अपवाद ठरले नाहीत.

महाराष्ट्राने का ऐकले नाही

संसदेतील अभ्यासू भाषणांनी मसानी यांचा दबदबा वाढला होता. १९६७ च्या निवडणुकीत स्वतंत्र पक्षाने लोकसभेच्या ४४ जागा जिंकल्या आणि लोकलेखा समितीचे अध्यक्षपद प्रथमच विरोधी पक्षाकडे, म्हणजे मसानी यांच्याकडे आले. पण हा पक्ष वाढला तो गुजरात, राजस्थान, ओरिसा आणि मद्रासमध्ये. ज्या मुंबईत त्याचे अधिवेशन झाले, त्या शहरात आणि महाराष्ट्रात त्याला पाय रोवता आला नाही.

पक्षाचा जन्म झाला तेव्हा मराठी मन संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात गुंतलेले होते. काँग्रेसविरोधाची जागा संयुक्त महाराष्ट्र समितीने व्यापली होती आणि समितीत कम्युनिस्ट, समाजवादी व शेतकरी कामगार पक्ष यांचा प्रभाव होता. तेव्हाच्या कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यात शेतकरी कामगार पक्षाचा लाल बावटा घट्ट रोवलेला होता. या पक्षाने १९५० च्या दाभाडी प्रबंधात मार्क्सवाद-लेनिनवादाचा स्वीकार केला होता. कुळकायदा आणि जंगलजमीन हे ज्यांच्या जगण्याचे प्रश्न होते, अशा कर्जत-खालापूरच्या कष्टकऱ्याला मालमत्तेच्या हक्काची घोषणा जमीनदाराच्या बाजूची वाटली, तर त्यात नवल नव्हते. संस्थानिक, बडे जमीनदार आणि उद्योगपती यांच्या पाठबळामुळे ती शंका दृढच झाली. इंग्रजीतून विचार करणारे आणि इंग्रजीतूनच बोलणारे मसानी ही दरी ओलांडू शकले नाहीत. स्वतंत्रतावादी विचार मराठी शेतकऱ्याच्या भाषेत आला तो पुढे शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेमार्फत. जोशी यांनी १९९४ मध्ये स्थापन केलेल्या पक्षाला स्वतंत्र भारत पक्ष हे नाव दिले, तेव्हा त्यात राजाजी-मसानी परंपरेचे स्मरण होते.

माप घरी वापरण्याची वेळ

१९७१ च्या निवडणुकीत इंदिरा लाटेपुढे स्वतंत्र पक्षाचे अवघे ८ खासदार निवडून आले. राजकोटला स्वतः मसानी पराभूत झाले आणि त्यांनी पक्षाध्यक्षपद सोडले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये भारत-सोव्हिएत मैत्री करार झाला आणि मसानी यांनी आयुष्यभर ज्या दिशेला विरोध केला त्याच दिशेला देशाचे धोरण अधिकृतपणे वळले. १९७४ मध्ये स्वतंत्र पक्ष भारतीय लोकदलात विलीन झाला. मसानी यांच्या घरातही राजकारणाने दोन बाजू घेतल्या होत्या. पत्नी शकुंतला इंदिरा गांधी यांच्या समर्थक होत्या आणि इतिहासकार पुत्र झरीर यांनी इंदिराजींचे चरित्र लिहिले.

जून १९७५ मध्ये आणीबाणी आली. सोव्हिएत सरकारने तिची पाठराखण केली आणि श्रीपाद अमृत डांगे यांच्या नेतृत्वाखालील भारतीय कम्युनिस्ट पक्षाने तिला साथ दिली. सत्तरीला आलेले मसानी ‘फ्रीडम फर्स्ट’चे संपादक होते. सेन्सॉर अधिकाऱ्याने मासिकातील मजकुराला परवानगी नाकारली, तेव्हा अनेकांनी पत्करलेले मौन न पत्करता ते मुंबई उच्च न्यायालयात गेले. सोली सोराबजी यांनी त्यांची बाजू मांडली. सरकारने अपील केले, पण न्या. माडन आणि न्या. कानिया यांच्या खंडपीठाने १९७६ मध्ये निकाल मसानी यांच्या बाजूने दिला. सरकारवर टीका करण्याचा नागरिकाचा हक्क आणीबाणीतही संपत नाही आणि सेन्सॉरला जनतेच्या मनाला वळण लावण्याचा अधिकार नाही, असा त्या निकालाचा आशय होता. त्या काळोखातील उच्च न्यायालयाचा हा निर्णय भारतीय वृत्तपत्रस्वातंत्र्याच्या इतिहासात मोलाचा मानला जातो.

या प्रकरणात मसानी यांच्या परराष्ट्रविचाराचा गाभा उघड होतो. एखाद्या देशात संपादकाला सरकारविरुद्ध लिहिता येते काय आणि लिहिल्यावर न्यायालयात दाद मिळते काय, हे त्यांनी मॉस्कोला, बुडापेस्टला आणि प्राग शहराला विचारलेले प्रश्न होते. १९७५ मध्ये तेच प्रश्न त्यांनी स्वतःच्या देशाला विचारले आणि उत्तर मिळेपर्यंत ते हटले नाहीत.

अखेरची वर्षे

जनता सरकारने १९७८ मध्ये नेमलेल्या अल्पसंख्याक आयोगाचे मसानी पहिले अध्यक्ष झाले, पण अल्पावधीतच त्यांनी ते पद सोडले. नाशिकजवळच्या देवळाली येथे लेस्ली साहनी यांच्या नावाने चाललेल्या केंद्रात तरुणांना लोकशाहीचे प्रशिक्षण देण्याच्या कामाला त्यांनी बराच वेळ दिला. ज्या नाशिकच्या तुरुंगात त्यांनी समाजवादी पक्षाचे स्वप्न रंगवले होते, तेथून हे ठिकाण हाकेच्या अंतरावर आहे. १९८१ मध्ये सन्मानाने मृत्यू स्वीकारण्याच्या हक्कासाठी त्यांनी संस्था काढली. हा विषय तेव्हा उच्चारणेही अवघड होते. सर्वोच्च न्यायालयाने निष्क्रिय दयामरणाला आणि जिवंतपणी करून ठेवलेल्या वैद्यकीय इच्छापत्राला मान्यता दिली ती २०१८ मध्ये.

१९९१ मध्ये दोन घटना घडल्या. भारतातील परवाना राज्य मोडीत निघू लागले आणि वर्ष संपता संपता सोव्हिएत संघराज्य नकाशावरून नाहीसे झाले. ८६ वर्षांच्या मसानी यांना दोन्ही पाहता आल्या. २७ मे १९९८ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. त्याच महिन्यात भारताने पोखरणला अणुचाचण्या केल्या होत्या. अणुबाँबला नकार देणारा आणि पश्चिमेशी मैत्री मागणारा हा नेता गेला तेव्हा देशाने त्याचे पहिले म्हणणे नाकारले होते, आणि दुसरे स्वीकारण्याच्या वाटेवर तो पुढच्या काही वर्षांत लागला.

मसानी यांची बाजू बदलली, यात शंका नाही. रशियाचा भक्त रशियाचा कट्टर विरोधक झाला आणि समाजवादी पक्षाचा संस्थापक खासगी उद्योगाचा वकील बनला. व्यक्तीच्या स्वातंत्र्याचे माप मात्र त्यांनी बदलले नाही. ते मित्रांना लावताना त्यांचा हात कधी सैल पडला आणि व्हिएतनाम हा त्याचा पुरावा आहे. परंतु तिबेट, हंगेरी आणि प्राग येथे ते माप लावण्याचे धैर्य ज्या काळात फार थोड्यांनी दाखवले, त्या काळात ते त्यांनी दाखवले आणि त्यासाठी सत्तेपासून दूर राहणे पत्करले. परराष्ट्र धोरण राष्ट्रहितावर ठरावे की मूल्यांवर, हा वाद युक्रेन आणि पश्चिम आशियातील युद्धांनी आज भारतापुढे पुन्हा उभा केला आहे. त्या वादात मसानी यांचा शब्द अखेरचा मानण्याचे कारण नाही. पण तो न ऐकता वाद पूर्ण होत नाही.